लाथ मारत नाही

दहाला पाच मिनिटं कमी असताना प्रज्ञा साळवेनं लेसर मशीनचं रजिस्टर तिसऱ्यांदा उघडून पाहिलं. 'दहा ते अकरा' या रकान्यात अजून तिचंच नाव होतं. तिला हायसं वाटलं.

असं तपासणं भाग होतं. नगरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेसर मशीन एकच होतं आणि त्यावर हक्क सांगणारी डिपार्टमेंटं चार. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात मशीन आलं आणि डिसेंबर उजाडेपर्यंत त्याच्यापायी दोन प्राध्यापकांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. एकानं दुसऱ्याचं नाव रजिस्टरमधून खोडरबरानं पुसलं, ते प्रकरण थेट प्राचार्यांच्या टेबलावर गेलं. तेव्हापासून नावं शाईनंच लिहायची असा नियम निघाला होता.

मशीन होतंही तसंच अप्रूपाचं. काचेचं झाकण, आत पालीसारखी इकडून तिकडे सरकणारी नळी आणि तिच्यातून निघणारा किरण. जोर वाढवला की किरण प्लायवूड आरपार कापायचा, कमी केला की कडेकडेनं फिरून नुसती अक्षरं कोरायचा. एमआयडीसीतल्या रंगनाथ गुंजाळ नावाच्या कारखानदारानं ते कॉलेजला भेट दिलं होतं आणि आज बारा वाजता त्याच गुंजाळसाहेबांचा सत्कार होता. त्यांच्याच मशीनवर कोरलेलं सन्मानपत्र त्यांनाच द्यायचं, ही प्राचार्य औटींची कल्पना. सन्मानपत्र करण्याचं आणि कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करण्याचं काम त्यांनी प्रज्ञावर सोपवलं होतं. तिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. निमंत्रणपत्रिकेवर आपल्या लेकीचं नाव छापून आलंय म्हटल्यावर तिचे वडील रखमाजी आणि आई सुमनबाई केडगावहून सकाळच्याच बसनं यायला निघाले होते.

प्रज्ञानं सागवानी प्लायचा गुळगुळीत तुकडा मशीनमध्ये ठेवला. वरच्या अर्ध्या भागात 'सन्मानपत्र' आणि त्याखाली 'मा. श्री. रंगनाथ गुंजाळ' अशी मोठी अक्षरं यायची होती. खालचा अर्धा भाग तिनं मुद्दाम मोकळा ठेवला होता. तिथं कॉलेजचं पितळी बोधचिन्ह चिकटवायचं होतं. तिनं फ्लॉपी घातली, फाईल मशीनला पाठवली, किरणाचा जोर कोरण्याइतका कमी केला आणि हिरवं बटण दाबलं. नळी हलली. तेवढ्यात शिपाई दारात आला.

"मॅडम, प्राचार्य साहेब बोलावत्यात. आत्ताच्या आत्ता."

भिंतीवर 'मशीन चालू असताना जागा सोडू नये' अशी पाटी होती. ती प्रज्ञानंच लिहिली होती. तिनं पाटीकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं आणि हाक मारली, "गोरक्षमामा! जरा मशीनकडं लक्ष ठेवा."

"हाय की मी हितं," मागच्या खोलीतून आवाज आला.

गोरक्ष थोरात म्हणजे वर्कशॉपचे जुने इन्स्ट्रक्टर. लेथपासून भट्टीपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालचं. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. त्यांच्यावर विसंबून प्रज्ञा गेली. 'गुंजाळ' मधला 'ळ' नक्की 'ळ'च ना, एवढंच प्राचार्यांना विचारायचं होतं. ते विचारायला त्यांनी वीस मिनिटं घेतली.

ती परत आली तेव्हा मशीन थांबलेलं होतं. तिनं झाकण उघडलं. वर सुरेख तपकिरी अक्षरांत 'सन्मानपत्र', त्याखाली 'मा. श्री. रंगनाथ गुंजाळ'. आणि त्याच्याखाली, जिथं काहीच यायचं नव्हतं तिथं, तितक्याच सुरेख अक्षरांत तीन ओळी होत्या :

तिसरे वेत
शांत स्वभाव, लाथ मारत नाही
समक्ष पाहून खात्री करावी

प्रज्ञानं डोळे मिटले, उघडले, पुन्हा वाचलं. मा. श्री. रंगनाथ गुंजाळ. तिसरे वेत. शांत स्वभाव, लाथ मारत नाही.

"मामाऽऽ!"

गोरक्षमामा धावत आले. त्यांनी फळी पाहिली आणि मटकन स्टुलावरच बसले.

"मॅडम, ह्ये तर आमच्या चंद्रीचं हाय."

"कोण चंद्री?"

"म्हैस. तिसऱ्यांदा व्यालीया. परवा घोडेगावच्या बाजारात न्यायचीया. म्हनलं गळ्यात एक झ्याक पाटी अडकवावी, लोकं लांबनं वाचतील. सकाळी नऊला कुनी नव्हतं, म्हनून जरा मशीन लावलं हुतं. 'विकणे आहे, म्हैस चंद्री' एवढं कोरून झालं आन् औटीसाहेबांची गाडी आली. म्या थांबायचं बटन दाबलं, पाटी काढली आन् पळालो."

प्रज्ञाला आता उलगडा झाला आणि घामही फुटला. मामांनी काम थांबवलं होतं, रद्द केलं नव्हतं. उरलेल्या तीन ओळी मशीन पोटात धरून बसलं होतं. तिनं हिरवं बटण दाबताच आधी त्यानं चंद्रीचं राहिलेलं काम इमानेइतबारे पुरं केलं आणि मग गुंजाळसाहेबांना हात घातला.

"पण तुम्ही लक्ष ठेवणार होतात ना?"

"ठिवलं असतं की. पर ती अर्धी पाटी लपवायला गेल्तो मागं."

"आता काय करायचं?" प्रज्ञाचा आवाज चिरकला. "दुसरा तुकडाही नाही. नगरला जाऊन यायचं म्हटलं तरी दीड तास."

"घाबरू नका. वरनं बिल्ला बसवू."

वाटीएवढं गोल पितळी बोधचिन्ह त्यांनी मधोमध ठेवून पाहिलं. दोन्ही बाजूंनी अक्षरं डोकावू लागली. डावीकडे सरकवलं तर 'लाथ मारत नाही' एवढंच स्वच्छ उरत होतं. उजवीकडे सरकवलं तर 'शांत स्वभाव, लाथ' एवढं उरत होतं, आणि ते तर फारच वाईट दिसत होतं. खाली घेतलं तर 'मा. श्री. रंगनाथ गुंजाळ, तिसरे वेत'.

"रंधा मारू?" मामा म्हणाले.

"अहो, प्लाय आहे. वरचा सागाचा पापुद्रा कागदाएवढा. रंधा मारला तर खालचं पांढरं दिसेल." बोलता बोलता प्रज्ञा थबकली. तिनं फळी उलटी केली. मागची बाजूही सागाचीच होती, कोरी करकरीत. "मामा! मागच्या बाजूला कोरू या ना!"

"ह्ये बगा! म्हनून तर तुमी मास्तरीन आन् मी म्हशीवाला."

मशीनच्या पोटात अजून काही शिल्लक राहू नये म्हणून मामांनी भिंतीवरचं मेन बटणच बंद केलं आणि शंभर आकडे मोजून चालू केलं. मशीन जागं व्हायला वेळ लागला. तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले आणि दारात लोखंडे सर उभे राहिले.

चेतन लोखंडे सिव्हिलचे. हातात धरणाच्या मॉडेलसाठी आणलेले प्लायचे चिंचोळे तुकडे, काखेत फायली, मनगटावर सेकंदाचं घड्याळ. मशीनवरून अबोला धरलेल्या दोघांपैकी एक तेच.

"साळवे मॅडम, अकरा वाजले."

"सर, फक्त पंधरा मिनिटं द्या. सन्मानपत्र बिघडलंय."

"रजिस्टर म्हणजे रजिस्टर. माझं धरणही बाराच्या आत स्टेजवर जायचंय. पाहुण्यांना दाखवायचंय."

"सर, हात जोडते."

लोखंडे सर विचारात पडले. "ठीक आहे. पण जानेवारीतले तुमचे तिन्ही सोमवार माझे."

"घ्या."

"शाईनं लिहून द्या."

प्रज्ञा रजिस्टरवर वाकून आपले तीन सोमवार खोडू लागली. आपणही काही मदत करावी असं लोखंडे सरांना त्याच वेळी वाटलं. ते मशीनपाशी गेले आणि पुढच्या कामाची तयारी म्हणून त्यांनी एक छोटंसं बटण फिरवून ठेवलं. आपला वेळ वाचेल, एवढाच त्यांचा हेतू. त्याबद्दल कुणाला काही सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही.

प्रज्ञानं फळी उलटी ठेवली, फाईल पाठवली, बटण दाबलं. ह्या वेळी प्राचार्यच काय, खुद्द कुलगुरू आले असते तरी ती हलली नसती. नळी सरकू लागली. मघाशी धुराची बारीक रेघ निघत होती, आता लोटच निघाला. जळक्या लाकडाचा वास सुटला. 'टक्' असा आवाज झाला. मग पुन्हा 'टक्'.

"ह्ये काय पडतंय?" मामांनी विचारलं.

प्रज्ञानं लाल बटणावर हात आपटला, पण तोवर सगळं आटोपलं होतं. तिनं झाकण उघडून फळी उचलली आणि तिच्यातून तिला पलीकडे उभे असलेले लोखंडे सर दिसले. 'सन्मानपत्र' या शब्दाच्या आकारात दिसले.

"जोर कुणी वाढवला?"

"मी," लोखंडे सर म्हणाले. "कापायला पूर्ण लागतो ना. सेट करून ठेवला." मग त्यांचा चेहरा उतरला. "ओह."

फळीचा वरचा अर्धा भाग चाळणी झाला होता. मामांनी ती हळूच पालथी केली. मूळच्या बाजूला कोरलेलं गुंजाळसाहेबांचं नाव भोकांत विरून गेलं होतं. खालच्या तीन ओळींना मात्र केसाइतकाही धक्का लागला नव्हता. अख्ख्या सन्मानपत्रावर आता एकच मजकूर धड वाचता येत होता, आणि तो म्हशीचा होता.

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर मांडवात माईकवर 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' सुरू झालं होतं. आता आई-बाबा पहिल्या रांगेच्या मागे कुठंतरी बसले असतील. प्राचार्य म्हणतील, साळवे मॅडम, साधं एक नाव कोरता येत नाही?

गोरक्षमामा मात्र मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये हात घालून काहीतरी चाचपत होते. त्यांनी हात बाहेर काढला. बोटांत लाकडी शब्द होता. सबंध 'सन्मानपत्र', शिरोरेषेला लटकलेला, एकही अक्षर न सुटलेला.

"मॅडम, ह्ये बगा की. आख्खं पडलंय."

प्रज्ञानं झडप घातली. ट्रेमध्ये 'गुजाळ' होतं. 'रगना' होतं. 'थ' ची रेषा मध्येच तुटते म्हणून तो बिचारा एकटा पडला होता, पण शाबूत होता. 'मा. श्री.' चा चुरा झाला होता, त्याला इलाज नव्हता.

"मखमलीवर चिकटवायचे हे शब्द!" ती जवळजवळ ओरडलीच. "लाल मखमलीवर लाकडी अक्षरं. कोरण्यापेक्षा झकास दिसतील! मामा, नोटीस बोर्डाची मखमल उरली होती ना?"

"हाय की. म्या आनतो. फेव्हिकॉल बी आनतो."

"आणि अनुस्वार? 'रं'चा आणि 'गुं'चा?"

तिघांनी ट्रे पालथा घातला. लोखंडे सर पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले आणि भिंगातून राख पाहू लागले. मुगाच्या दाण्याएवढे ते दोन ठिपके बहुधा जळून गेले होते.

"रगनाथ गुजाळ," लोखंडे सर पुटपुटले. "चालेल का?"

"सर, माणसाच्या नावावरचा अनुस्वार आहे."

प्रज्ञा तडक ऑफिसात पळाली. टायपिस्ट निकिता तिथं रिबन बदलत होती. प्रज्ञानं धापा टाकत विचारलं, "निकिता, तुझ्याकडं टिकल्यांचं पाकीट आहे?"

निकितानं तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "आहे. कसली देऊ? लांबट की गोल?"

"गोल. चॉकलेटी. दोन."

"दोन?" निकिताला धक्का बसला. पण बाईचा चेहरा पाहून तिनं निमूटपणे दोन टिकल्या काढून दिल्या.

प्रज्ञा परत आली तोवर मामांनी मखमल ताणून बसवली होती आणि शब्द जागच्या जागी चिकटवले होते. 'थ' जरा झुकला होता, तो तिनं सरळ केला. खाली पितळी बोधचिन्ह बसलं. शेवटी तिनं श्वास रोखून टिकल्या लावल्या. रंगनाथ गुंजाळ. खरोखरच देखणं दिसत होतं. लोखंडे सरसुद्धा म्हणाले, "वा." बाराला सात मिनिटं होती. मामांनी सन्मानपत्र तबकात ठेवून त्याच्यावर रुमाल झाकला आणि प्रज्ञा माईककडे धावली.

कार्यक्रम सुरळीत सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. प्रज्ञाला तिसऱ्या रांगेत आई-बाबा दिसले. आई मान उंचावून बघत होती. प्राचार्यांचं प्रास्ताविक चालू असताना तबक घेऊन मामा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिनं कुजबुजत विचारलं, "मामा, मखमल छान ताणलीत. खाली फळी कुठली घेतली?"

"तीच की."

"तीच म्हणजे?"

"ती भोकं पडल्याली. मापाची दुसरी कुठं हुती?"

प्रज्ञानं तबकाची कड घट्ट धरली. "आणि... ती म्हशीची बाजू?"

"माघं गेली."

"झाकली का?"

"न्हाई, येळ कुठं हुता? अवो, माघची बाजू भिताडाला लागनार. भिताड काय वाचतंय?"

"आता मी विनंती करतो," प्राचार्य म्हणत होते, "मा. गुंजाळसाहेबांनी आमच्या या छोट्याशा भेटीचा स्वीकार करावा."

टाळ्या झाल्या. रुमाल बाजूला झाला. साठीचे, जाड चष्म्याचे गुंजाळसाहेब सन्मानपत्र पाहून हरखले. त्यांनी अक्षरांवरून बोटं फिरवली, अनुस्वारावर बोट जरा थांबलं. फोटो झाला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा मनातल्या मनात म्हणत होती, बसा, साहेब, आता बसा.

साहेब बसले. आणि माणूस नवी तसबीर हातात आली की जे करतो तेच त्यांनी केलं. टांगायची कडी कुठं आहे ते पाहायला त्यांनी ती उलटी केली.

प्रज्ञा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो आधी कोरा झाला. मग लाल झाला. मग त्यातलं रक्त हळूहळू उतरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा वाचलं. मग मान वर करून त्यांनी बोटानं तिलाच जवळ बोलावलं.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "हे मागचं तुम्ही लिहिलंत?"

"सर, ते... ते मशीननंच..."

"मशीन स्वतःच बोललं म्हणा की." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "तिसरे वेत! कसं काय शोधून काढलंत हो?"

"काय, सर?"

"आता लाजवू नका. माझ्या आधी मशीन पुण्यात एकाकडं होतं, मग भोसरीत दुसऱ्याकडं. तिसरा मी. तुमच्या प्राचार्यांना मात्र सांगितलं, एकाच हातचं आहे." त्यांनी बोट दुसऱ्या ओळीवर नेलं. "आणि हे, लाथ मारत नाही. टोमणा कळला मला. आमच्याकडं रोज मारायचं. आधीच्याचं काम अर्धवट राहिलं की पुढच्याच्या मालावर ओकायचं. एका पुढाऱ्याच्या नावाच्या पाटीवर संडासाचा बाण काढला होता त्यानं. त्यापायी तर आम्ही ते काढून टाकलं."

प्रज्ञाला सकाळपासून बसलेले सगळे धक्के एका बाजूला आणि हा एका बाजूला.

"समक्ष पाहून खात्री करावी," गुंजाळसाहेबांनी तिसरी ओळ वाचली आणि उसासा टाकला. "म्हशीच्या भाषेत मारलंत, मॅडम. मी शेतकऱ्याचा पोरगा आहे, बरोबर वर्मी बसलं. भर सभेत वाचून दाखवलं असतंत तर माझी अब्रू गेली असती. तुम्ही मागच्या बाजूला लिहिलंत, हा तुमचा मोठेपणा. औटीसाहेबांना बोललात का?"

"नाही, सर," प्रज्ञा म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"नका बोलू." ते उठले, माईकपाशी गेले आणि घसा खाकरला. "मंडळी, या सन्मानपत्रातले शब्द माझ्या काळजाला भिडले आहेत. ते जुनं मशीन मी आजच परत नेतो. त्याच्या जागी कॉलेजला नवंकोरं मशीन देतो. पेटी तुमच्यासमोर फोडू."

सभेला क्षणभर काही कळलंच नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सिव्हिलवाले आणि मेकॅनिकलवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. लोखंडे सर धरणाच्या अर्धवट मॉडेलसकट उभे राहिले. रखमाजींनी शेजारच्याला सांगितलं, "ती माईकपाशी उभीय ना, ती आमची."

प्राचार्य औटी खुर्चीतून अर्धवट उठून तसेच राहिले होते. भान आल्यावर ते लगबगीनं प्रज्ञाजवळ आले.

"साळवे मॅडम, अहो, मी पाच वर्षं देणग्यांची पत्रं लिहितोय. एकानं साधी खुर्ची दिली नाही. तुम्ही असं लिहिलंत तरी काय?"

प्रज्ञानं बाजूला पाहिलं. गोरक्षमामा रिकामं तबक छातीशी धरून मांडवाच्या कापडातली भोकं मोजत होते.

"सर, मी फक्त वरचं नाव घातलं," ती म्हणाली. "मजकूर सगळा मामांचा."

प्राचार्यांनी मामांकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले. तबक खणकन खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस बोर्डावर आदेश लागला. यापुढे कॉलेजतर्फे जाणाऱ्या सर्व देणगीपत्रांचा व सन्मानपत्रांचा मजकूर श्री. गोरक्ष थोरात, वर्कशॉप इन्स्ट्रक्टर, हे लिहून देतील. मामांनी तो आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"मॅडम," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "ह्यांना सांगा की कुनीतरी. मला म्हशीबिगर काय बी लिवता येत न्हाई."